ढवळीचा नंबर बरोबर आहे

दिवाळी अंकासाठी नोकरीतले गमतीचे अनुभव लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं. गमतीचे आहेत, तेही सांगतो. पण निवृत्त झालो तरी एक नंबर माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे आणि तो आठवला की अजून माझं डोकं फिरतं. बायको म्हणाली, आधी बीपीची गोळी घ्या आणि मग लिहायला बसा. गोळी घेतली आहे. नंबर असा : ३६०२७४५८९१३६.

मोठ्याने वाचायचा तर तीन निखर्व, सहा खर्व, सत्तावीस कोटी, पंचेचाळीस लाख, एकोणनव्वद हजार, एकशे छत्तीस. एवढा थोरला आकडा कुणाच्या तिजोरीतला नाही. तो एका गायीच्या कानात होता. गायीचं नाव ढवळी, आणि ती राहायची गुंजवण्याच्या वर, डोंगराच्या सपाटीवरच्या धनगरवस्तीत.

माझी नोकरी पशुधन पर्यवेक्षकाची. म्हणजे जनावरांचा डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. लस टोचायची, जखमा धुवायच्या, गाय अडली तर डॉक्टर येईपर्यंत धीर द्यायचा आणि बऱ्याचदा डॉक्टर येण्याआधीच वासरू ओढून काढायचं. लोक मला डाक्टरच म्हणत आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. भोरला घर, वेल्ह्याच्या डोंगरात काम, आणि मध्ये माझी फटफटी.

नोकरीच्या उत्तरार्धात नवीन काम आलं. प्रत्येक गायी-म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकायचा. त्यावर बारा आकडी नंबर. तो नंबर मालकाच्या नावासकट कॉम्प्युटरमध्ये गेला की जनावराची नोंद झाली. पक्कड कानाला लावायची, दाबायची, जनावर एकदा झटका देतं आणि मग विसरून जातं. माणसं विसरत नाहीत. विंझरच्या एका दूधवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "डाक्टर, माज्या म्हशीला जरा फॅन्सी नंबर द्या की. जीपला घेतलाय तसा. वर काय लागंल ते बोला." दुसऱ्या एका घरी सहा महिन्यांनी गेलो तर एकाही गायीच्या कानात बिल्ला नाही. विचारलं, तर घरधनी मला आत घेऊन गेला. सगळे बिल्ले हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात मांडलेले. "रानात पडून हरवत्यात, म्हून काढून नीट ठिवल्यात," तो म्हणाला. एवढ्या काळजीने सरकारी वस्तू सांभाळलेली मी आयुष्यात दुसरीकडे पाहिली नाही.

आता त्या नंबरांविषयी. मला आकड्यांचा नाद लहानपणापासून. फटफटीवर एकट्याने घाट चढताना दुसरं करायचं काय, समोरच्या गाडीचा नंबर घ्यायचा आणि त्याला कशाने भाग जातो ते बघायचं. बिल्ले आल्यावर मला खाणच सापडली. बारा आकडे आपण मराठीत सहा जोड्या करून वाचतो : छत्तीस, शून्य दोन, चौऱ्याहत्तर, अठ्ठावन्न, एक्क्याण्णव, छत्तीस. मी त्या सहा जोड्यांची बेरीज करायचो. आमच्याकडे आलेल्या बिल्ल्यांची बेरीज कधी दोनशे पंचाहत्तर यायची, कधी तीनशे एकोणीस, कधी तीनशे एकेचाळीस. थोड्या दिवसांनी ध्यानात आलं की हे सगळे अकराच्या पाढ्यातले आकडे आहेत. शंभराला अकराने भागलं तर बाकी एक उरते, त्यामुळे जोड्यांच्या बेरजेला अकराने भाग गेला की सगळ्या नंबरालाही जातो. म्हणजे आमच्या प्रत्येक बिल्ल्याला अकराने निःशेष भाग जात होता.

हा योगायोग नव्हता. पुढे एका प्रशिक्षणात शिकवणाऱ्या मॅडमनी उलगडून सांगितलं. या बिल्ल्यांवरचे पहिले अकरा आकडे जनावराचे. बारावा आकडा राखणदार. पूर्ण नंबराला अकराने भाग जाईल असाच शेवटचा आकडा बसवायचा, आणि तसा बसत नसेल तर तो नंबर छापायचाच नाही. कशासाठी? तर कुणी टाइप करताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर भाग जायचा थांबतो आणि कॉम्प्युटर लाल पट्टी दाखवून म्हणतो, नंबर चुकलाय, पुन्हा बघा. माणूस चुकणार हे आधीच ओळखून कुणीतरी केलेली ती सोय होती. मला तर ते ऐकून त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

ढवळीचा नंबर त्यातही निराळा होता. ठोकला त्या दिवशीच मी त्याच्यावर खूश झालो. सहा जोड्यांची बेरीज दोनशे सत्त्याण्णव, म्हणजे अकरा सत्तावीस. आकडे सुटे मिळवले तर चोपन्न, म्हणून नऊने भाग जातो. शेवटचे तीन आकडे एकशे छत्तीस, आठ सतरा, म्हणून आठनेही जातो. सातची कसोटी जरा लांबची. नंबराचे तीन-तीन आकड्यांचे चार तुकडे करायचे : ३६०, २७४, ५८९, १३६. पहिला आणि तिसरा मिळवला की नऊशे एकोणपन्नास, दुसरा आणि चौथा मिळवला की चारशे दहा. फरक पाचशे एकोणचाळीस, म्हणजे सात सत्त्याहत्तर. सातनेही भाग गेला. थोडक्यात, एकपासून बारापर्यंत कुठलाही आकडा घ्या, पाच आणि दहा सोडले तर सगळ्यांनी या नंबराला निःशेष भाग जातो. आमच्या बिल्ल्यांत असा बिल्ला हिशेबाने पाचशे चारांत एखादा निघायचा.

मी हे ढवळीच्या मालकिणीला, ठकूबाईला, तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. ठकूबाई माझ्याहून वयाने मोठी, नवरा गेलेला, गुरांवरच जगणारी बाई. मी तिला मावशी म्हणायचो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाग जातोय तर जाऊ द्या, पर कान पिकू देऊ नका. आन आमची खाच तेवढी मोडू नका."

ही खाच समजली पाहिजे. त्या वस्तीवर प्रत्येक घराची कान कापायची एक रीत आहे. वासरू लहान असतानाच त्याच्या कानाला खाच पाडतात. कुणाची टोकाला, कुणाची कडेला, कुणाच्या दोन. डोंगरावर गुरं एकमेकांत मिसळली तरी खाच बघून कुणाची गाय ते लगेच कळतं. ठकूबाईच्या घरची खाच डाव्या कानाच्या खालच्या कडेला, म्हणून मी बिल्ला उजव्या कानात ठोकला.

वस्तीवर मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून मेसेजसाठी तिथल्या सगळ्या जनावरांच्या नोंदीला मी माझाच मोबाईल नंबर दिला होता. नोंदही तिथून करता यायची नाही. मी खाली मार्गासनीला आलो की रस्त्याच्या कडेला फटफटी लावायचो आणि फोनवरून नंबर सांगायचो. तिकडे आमच्या कंत्राटी ऑपरेटर सुवर्णाताई टाइप करायच्या. मी जोड्या सांगणार आणि त्या आवाज कानावर पडेल तसं बटण दाबणार. आता गंमत बघा. चौऱ्याहत्तर म्हणताना आपण चार आधी उच्चारतो आणि सत्तर नंतर. ऐकून पूर्ण होईपर्यंत थांबलं तर ७४ पडतात. पण दिवसभर बोटं चालवून थकलेलं माणूस थांबत नाही. चार ऐकलं की चार दाबतं, सत्तर ऐकलं की सात. पडतात ४७. ही चूक आमच्याकडे रोज व्हायची, रोज लाल पट्टी यायची, आणि सुवर्णाताई फोनवर म्हणायच्या, "सर, तिसरी जोडी परत सांगा." चूक तिथल्या तिथे मरायची.

एवढ्यात वरच्या कार्यालयात बैठक झाली. तालुका नोंदणीत मागे का, म्हणून साहेबांनी आम्हाला उभं केलं. मी सांगितलं, वस्त्या लांब आहेत, रेंज नाही, आणि नंबर चुकला तर कॉम्प्युटर घेत नाही, पुन्हा विचारावं लागतं.

"घेत नाही म्हणजे?" साहेब म्हणाले. "मग ती अट काढून टाकायला सांगू."

"साहेब, अट काढली तर चुकीचे नंबर आत जातील. बारावा आकडा त्यासाठीच आहे. अकराने भाग..."

"गणिताचा तास नंतर घेऊ," साहेब म्हणाले, आणि सगळी बैठक हसली.

अट निघाली. लाल पट्टी बंद झाली. आमचा तालुका धडाक्यात वर चढला, साहेबांना शाल मिळाली आणि आम्हाला पेढे. सुवर्णाताई बिचाऱ्या म्हणाल्या, "सर, आता कॉम्प्युटर ओरडत न्हाई, लई बरं झालं." त्यांच्यावर मी कधी रागावलो नाही आणि आजही नाही. माझा राग आहे तो राखणदाराला हाकलून देऊन दार सताड उघडं ठेवणाऱ्यांवर. ढवळीची नोंद त्याच आठवड्यातली.

त्या वर्षी भात पोटरीला आलं असताना ढवळी कळपातून सुटली आणि डोंगर उतरून धरणाच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या भातात शिरली. त्याने ती ओढत नेऊन खालच्या एका गावच्या कोंडवाड्यात घातली. त्याचंही चुकलं नाही, भात त्याच्या वर्षाचं होतं. ठकूबाईला पत्ता लागायला वेळ गेला. लागला तशी ती दंडाचे पैसे पदराला बांधून, डोंगर उतरून चालत कोंडवाड्यात आली आणि तिथून मला निरोप पाठवला.

मी गेलो तेव्हा ती कोंडवाड्याच्या दगडी भिंतीला टेकून उभी होती. आत ढवळी. कोंडवाड्याचे शिपाई बाळूअण्णा, साधा माणूस, मोबाईल हातात धरून घामाघूम झालेले.

"डाक्टर, मी काय करू सांगा. बाईच्या नावावर गाय हाय, पर नंबर निराळाच दावतंय. आन हिच्या कानातला नंबर घातला तर कुणाच्याच नावावर न्हाई म्हणतंय."

मी मोबाईल घेतला. ठकूबाईच्या नावापुढे नंबर होता ३६०२४७५८९१३६. ढवळीच्या कानात ३६०२७४५८९१३६. तिसरी जोडी. मला एका नजरेत सगळं कळलं.

"आमच्या घरची खाच हाय की कानाला," ठकूबाई म्हणाली. "ही बगा. अण्णा, तुमी तर वळखता आमची खाच."

"वळखतो, मावशे. मी न्हाई कुठं म्हणतोय? पर आता खाच चालत न्हाई. नंबर जुळला पायजे, तसा कागदच आलाय. बेवारस म्हून बाजाराच्या दिवशी लिलाव काढा म्हणत्यात."

"बेवारस? मी काय मेले का?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या कार्यालयात जाऊन त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर दोन्ही नंबर लिहिले. म्हणालो, साहेब, कॉम्प्युटरमधल्या नंबराच्या जोड्या मिळवा. दोनशे सत्तर. अकराने भाग जात नाही. म्हणजे असा बिल्ला छापलाच गेलेला नाही, या नंबराची गाय जगात असू शकत नाही. कानातल्या नंबराच्या जोड्या मिळवा. दोनशे सत्त्याण्णव. फरक सत्तावीस, कारण चौऱ्याहत्तर आणि सत्तेचाळीस यांत सत्तावीसचाच फरक आहे. सुटे आकडे मिळवून बघाल तर दोन्हीकडे चोपन्नच येतात, त्यात ही चूक दिसणारच नाही. दिसते ती फक्त अकरात. आणि ते अकराचं तपासणं तुम्ही बंद केलंत.

साहेबांनी कागद नीट पाहिला. ते मूर्ख नव्हते, त्यांना सगळं समजलं. म्हणूनच मला जास्त संताप येतो.

"तुमचा हिशेब बरोबर आहे हो," ते म्हणाले. "पण भागाकार कुठल्या नियमात बसतो? दुरुस्तीचा अधिकार मला नाही. वर पाठवावं लागेल."

"पाठवा. पण तोवर लिलाव थांबवा. त्या बाईची दुभती गाय आहे."

"थांबवतो ना. मी आजच फोन करून सांगतो त्यांना. तुम्ही निश्चिंत जा."

मी निश्चिंत गेलो. ठकूबाईला निरोप दिला की घाबरू नका, लिलाव थांबलाय, नंबर दुरुस्त होतोय. तिने विश्वास ठेवला. मी ठेवला होता, मग ती का ठेवणार नाही?

साहेबांनी फोन केला नाही. विसरले. नंतर त्यांनीच मला सांगितलं, अगदी साधेपणाने, घरून डबा आणायला विसरावा तसं. त्या दिवशी दौरा होता म्हणे.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी कामावर असताना माझ्या मोबाईलवर मेसेज आला. "आपल्या जनावराचा क्रमांक ३६०२७४५८९१३६ असा दुरुस्त करण्यात आला आहे. धन्यवाद." मला इतका आनंद झाला की मी तसाच फटफटी काढून कोंडवाड्यावर गेलो. बाजारासाठी उतरलेली ठकूबाई नुकतीच पोचली होती. फाटक उघडं होतं आणि आत शेण पडलेलं होतं, एवढंच.

"सकाळीच झाला लिलाव," बाळूअण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला कुणाचा फोन न्हाई आला, डाक्टर. लेकरांची आण. टेंपोत घालून नेली."

मी वेड्यासारखा मोबाईल पुढे केला. म्हणालो, हा बघा, आता नंबर जुळतोय, मावशीच्याच नावावर आहे, हा बघा. बाळूअण्णांनी मोबाईल हातात घेतलाच नाही.

ठकूबाईने मला विचारलं, "नंबर बराबर झाला म्हंता?"

"झाला, मावशी."

"मंग गाय कुठंय?"

गाय शोधायला मी जिवाचं रान केलं. टेंपोवाला सापडला, त्याने व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, व्यापाऱ्याने पुढे घाटाखाली विकली म्हणून सांगितलं. आणि बिल्ला? "बिल्ले आमी गाडीत घालतानाच कापतो, डाक्टर. नसती भानगड कशाला?" व्यापारी म्हणाला. बारा आकडी नंबर, अकराची कसोटी, राखणदार आकडा, सगळं एका कात्रीच्या घावाने संपलं. खाच मात्र तो कापू शकला नसेल. पण घाटाखाली ती खाच ओळखणारं कोण आहे?

साहेबांवर मी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर ओरडलो. मला समज देण्यात आली, साहेबांची यथावकाश बढती झाली. अकराची अट पुन्हा चालू करा, म्हणून निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणातही मी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं मी विनोद केला.

वस्तीच्या नोंदीतला माझा मोबाईल नंबर कुणी बदलला नाही, त्यामुळे अजून मला मेसेज येतात. लसीकरणाचे दिवस आले की येतो : आपले जनावर क्रमांक ३६०२७४५८९१३६, लस देणे बाकी आहे, जवळच्या दवाखान्याशी संपर्क साधावा. मी दर वेळी जोड्या मिळवून बघतो. सवयच आहे. दोनशे सत्त्याण्णवच येतात.

ठकूबाई भोरच्या बाजाराला एसटीने आली की आमच्या घरी डोकावते. आत येत नाही, पायरीवर बसते. बायको चहा देते. एकदा तिने विचारलं, "आला का ढवळीचा फोन?" मी मेसेजचं तिला कधीतरी बोललो होतो, ते तिने धरून ठेवलेलं. मी म्हटलं, आला. तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी हाय कुठंतरी," ती म्हणाली. "लस टोचा म्हणत्यात, म्हंजी जित्ती हाय."

मला ते सहन होईना. मी जरा चढ्या आवाजातच तिला समजावलं की मावशी, तसं नसतं. तो कॉम्प्युटर आपोआप पाठवतो. गाय जिवंत आहे का मेली, कुणाकडे आहे, त्याला काही कळत नाही. त्याला फक्त नंबर कळतो.

तिने हातातला कप पायरीवर ठेवला.

"त्याला येवढंबी कळत न्हाई," ती म्हणाली, "तर मंग त्या दिशी समद्यांनी त्याचंच का ऐकलं?"

ती चहा पिऊन, कप विसळून उपडा ठेवून एसटी गाठायला निघून गेली. मला वाटलं आता ती कधी विचारणार नाही. पण पुढच्या खेपेला बाजाराची पिशवी शेजारी ठेवून ती त्याच पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "डाक्टर, आला का ढवळीचा फोन?"

आला होता. मी म्हटलं, "आला, मावशी."